आठ डॉलरची विजार

बोहारणीशी आमचे वैर फार जुने आहे. अलीकडे ह्या बायांचे दर्शन दुर्मिळ झाले असले, तरी कासारवाडीत आमच्या गल्लीत महिन्या-दोन महिन्यांनी एखादी बोहारीण भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन येते. आणि ती आली म्हणजे आमच्या घरी एक प्रसंग हटकून घडतो. सौ. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आमच्याकडूनच खाली काढवून घेते, तिच्यातून सहा खाकी विजारी बाहेर ओढते आणि झाकणाच्या एका डब्यावर त्या देऊ करते. आम्ही हातचे वर्तमानपत्र टाकून उठतो व विजारींवर हात ठेवतो. बोहारीण आधी सौ.कडे व मग आमच्याकडे पाहते, "काका, ह्या आता कोन घालतंय?" असे विचारते, आणि डबा पाटीत परत जातो. आजवर असे चार वेळा झाले. चार डबे गेले, हा हिशेब आमचा नव्हे, सौ.चा आहे.

ह्या विजारी वडिलोपार्जित नाहीत, की त्यांना भरजरी काठही नाहीत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी खात्यात आमची चौतीस वर्षे गेली. दरसाल तेथे दोन जोडांचे खाकी कापड व शिलाईचे पैसे मिळत. सदऱ्याच्या खिशावर कंपनीचे नाव दोऱ्याने भरलेले असे. पहिल्या पाळीला जाताना तो वेष अंगावर चढे तो दुपारी घरी येऊन हातपाय धुतल्यावर उतरे. आमचे तीर्थरूप कोल्हापुरास एका शाळेत संस्कृत शिकवीत. धोतर, बंद गळ्याचा कोट व काळी टोपी ह्यांखेरीज त्यांना आम्ही कधी घराबाहेर पाहिले नाही. ते प्रथम कासारवाडीस आले तेव्हा दारात उभ्या असलेल्या आम्हांस त्यांनी नखशिखान्त न्याहाळले आणि एवढेच म्हणाले, "शिपायाचा वेष दिसतो." त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. व्याकरणाचा एखादा प्रयोग ओळखावा तसा त्यांनी तो वेष ओळखला होता.

आणि खरोखर तो शिपायाचाच वेष. 'खाक' म्हणजे धूळ. 'खाकी' म्हणजे धुळीच्या रंगाचे. १८४६ साली पेशावरास हॅरी लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने गाइड्स नावाचे पथक उभारले आणि पुढे त्याच्या शिपायांना पांढऱ्याऐवजी हा मातकट रंग दिला. पांढरा शुभ्र गणवेष डोंगरात दुरून दिसतो व मळतोही लवकर, हे उघड आहे. तेथून तो रंग इंग्रजी फौजांत गेला, फौजेतून पोलिसांत, पोलिसांतून टपालवाल्यांत व कारखान्यांत. शेवटी तो अमेरिकेत जाऊन एका महाविद्यालयाच्या फुटबॉल-गुरूच्या कमरेला कसा लागला, ह्याची हकीकत आम्ही वाचकांस सांगणार आहोत. कारण त्या सहा विजारी बोहारणीच्या हाती न पडण्याचे कारण तोच गृहस्थ आहे. आम्ही त्याला आयुष्यात एकदाच पाहिले, तेही इतक्या अंतरावरून की तो मसुरीच्या दाण्याएवढा दिसत होता.

आमचे चिरंजीव पुण्यास अभियांत्रिकीची पदवी घेऊन मिशिगन राज्यात गेले आणि डेट्रॉइटच्या मोटारधंद्यातच रमले. कासारवाडीचा मुलगा डेट्रॉइटला जाणे ह्यात आज कोणासही नवल वाटत नाही. आमच्या ह्या पट्ट्यातून तिकडे जाण्याची वाट इतकी मळलेली आहे की तेथील वाणसामानाच्या दुकानात चिंचवडचे कोणी ना कोणी भेटतेच. त्याने बिऱ्हाड केले ते डेट्रॉइटपासून तासाभराच्या आत असलेल्या ॲन आर्बर गावी. मिशिगन विद्यापीठ ह्याच गावी आहे. गावाचे दैवत कोणते, हे आम्हांस विमानतळावरून घरी जातानाच कळले. घरोघरी, मोटारींवर, दुकानांच्या काचांवर, निळ्या व मक्याच्या पिवळ्या रंगाचे एकच अक्षर. आम्ही २०२३ च्या सप्टेंबरात गणपतीसाठी म्हणून तेथे गेलो होतो. पण तेथे आधीच दुसरा उत्सव चालू होता.

त्या उत्सवाचे नाव फुटबॉल. येथे आमच्या कोल्हापुरी मनाची मोठी फसगत झाली. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे फुटबॉल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ह्या तालमी; ज्या नावांनी कुस्तीचा हौद आठवावा ती नावे घेऊन शाहू स्टेडियमवर पायाने चेंडू खेळणारी पोरे, आणि पेठापेठांतील ईर्ष्या. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो काखेत मारून पळावयाचे किंवा हाताने दूर फेकावयाचे. पायाचा संबंध क्वचित. अंगात चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण. ह्याला फुटबॉल का म्हणावे, असे आम्ही चिरंजीवांस विचारले. तो म्हणाला, "बाबा, कोल्हापुरात फुटबॉलच्या संघाला तालीम का म्हणतात?" आम्ही गप्प बसलो.

ह्या खेळाचे तेथील गुरू म्हणजे जिम हार्बॉ. ह्या गृहस्थाची कीर्ती आम्ही प्रथम ऐकली ती त्याच्या विजारीवरून. तो रोज एकच वेष करी. निळा, लांब बाह्यांचा जाड सदरा, डोक्यावर निळी टोपी, आणि खाली ढगळ, चुण्यांची खाकी विजार. सॅन फ्रान्सिस्कोच्या धंदेवाईक संघाचा तो गुरू होता, २०११ ते २०१४ पर्यंत, तेव्हाच ती विजार देशभर प्रसिद्ध झाली होती. कारण ती वॉलमार्ट नावाच्या स्वस्ताईच्या दुकानातून आठ डॉलरला घेतलेली असे. तेव्हा तो गळ्यात दोरीला अडकवलेले पेन घालून मैदानाच्या कडेने फिरे. रोज काय घालावे ह्या विचारात जाणारा वेळ वाचतो, असे त्याचे म्हणणे. त्याच्या पत्नीला मात्र ह्या विजारींचा इतका तिटकारा, की विजारी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्या जाहिरातीत तिलाच उभी केली, आणि नवऱ्यांच्या असल्या विजारी कशा फेकून द्याव्या हे तिने जगाला सांगितले. हे ऐकून सौ.ला त्या बाईविषयी जी आत्मीयता वाटली, ती आमच्या कोणत्याही नातलगाविषयी आजवर वाटलेली आम्ही पाहिली नाही. बोहारीण मिळाली असती तर त्या दोघींनी मिळून संसार किती भांड्यांनी भरला असता!

परंतु केवळ विजारीवर माणूस गाजत नाही. हार्बॉचे इतर चाळेही ऐकण्यासारखे आहेत. २०१५ च्या जूनमध्ये अलाबामा राज्यात मुलांच्या शिबिरात दोन तुकड्या ओळखू याव्यात म्हणून एका तुकडीने सदरे काढले. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या ह्या गुरूनेही आपला सदरा काढून फेकला आणि उघड्या अंगाने, पण खाकी विजार तशीच ठेवून, पोरांत खेळू लागला. २०१६ च्या जानेवारीत चेंडूला लाथ मारण्यात पटाईत असा एक शाळकरी मुलगा आपल्या विद्यापीठात यावा म्हणून तो त्याच्या घरी रात्रीच्या मुक्कामास गेला. दुसऱ्या एका मुलाच्या घरी तर झाडावर चढला. २०१७ साली सगळा संघ घेऊन रोमला गेला आणि पोप महाशयांस शिरस्त्राण व बूट भेट देऊन आला. खेळाडूंनी दूध प्यावे ह्याविषयी तो आग्रही. कोंबडी मात्र खाऊ नये, कारण तो घाबरट पक्षी आहे, असा त्याने एका खेळाडूस उपदेश केल्याचे त्या खेळाडूनेच सांगितले. कोंबडी खाऊ नये हे मत आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण त्याला हे कारण आजवर कोणास सुचले नव्हते.

हा माणूस बाहेरून आणलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याचा बाप जॅक हा ह्याच मिशिगनच्या संघाचा एक उपगुरू होता. जिम लहानपणी ह्याच मैदानावर बागडला, पुढे येथेच विद्यार्थी म्हणून खेळला, आणि १९८६ साली ओहायो स्टेट ह्या हाडवैऱ्याविरुद्ध "आम्ही जिंकणारच" असे सामन्याआधी जाहीर करून २६-२४ असा जिंकलाही. त्याचा भाऊ जॉन हाही गुरूच. २०१३ च्या फेब्रुवारीत तिकडच्या सर्वांत मोठ्या सामन्यात दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले आणि जॉनच्या संघाने जिमच्या संघाला ३४-३१ असे हरविले. त्या दिवशी त्यांच्या मातोश्रींनी कोणाकडे पाहिले असेल? आमच्या वाचकभगिनींस ह्याचे उत्तर आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

वेषाच्या बाबतीत असे गुरू तिकडे आणखीही होऊन गेले. अलाबामाचा पॉल 'बेअर' ब्रायंट हा चौकडीच्या कापडाच्या हॅटसाठी प्रसिद्ध होता. १९५८ ते १९८२ अशी पंचवीस वर्षे तो तेथे होता, आणि १९८३ च्या जानेवारीत, शेवटच्या सामन्यानंतर महिन्याच्या आत, वारला. त्याची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. छप्पर असलेल्या मैदानात सामना असला म्हणजे तो हॅट काढून ठेवी, कारण घराच्या आत पुरुषाने टोपी घालू नये असे त्याच्या आईने त्याला शिकविले होते. आमच्याकडे नेमके उलट. बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे आमच्या आजोबांच्या काळी असभ्यपणाचे होते. टोपी घालावी की काढावी ह्याविषयी दोन खंडांतल्या आयांचे एकमत नाही. पण आईने सांगितले ते सत्तरीजवळ आलेल्या मुलाने हजारो लोकांसमोर पाळावे, हे दोन्हीकडे सारखेच.

पुण्याला असा कोणी झालाच नाही काय, असे वाचक विचारतील. प्राध्यापक दि. ब. देवधर आमच्या डोळ्यांसमोर येतात. महाविद्यालयात संस्कृत शिकवावयाचे आणि मैदानावर महाराष्ट्राच्या क्रिकेट-संघाचे नेतृत्व करावयाचे. १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक आणावयाचा. आणि वयाची बावन्न वर्षे उलटल्यावर नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतके काढावयाची! १८९२ साली जन्मलेला हा पुरुष १९९३ पर्यंत जगला आणि स्वतःच्या आयुष्याचेही शतक करून गेला. आमचे तीर्थरूप त्यांचे नाव अभिमानाने घेत, पण शतकांसाठी नव्हे. संस्कृतचा मास्तर बॅट घेऊन उभा राहिला तरी संस्कृतचा मास्तरच राहतो, हा त्यांचा अभिमान. खाकी घातलेला संस्कृतच्या मास्तराचा मुलगा मात्र कोण राहतो, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली ती सांगतो. सौ.ला ती आजवर ठाऊक नाही. हा अंक हाती पडेल तेव्हा होईल.

चिरंजीव महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असताना स्नेहसंमेलनात त्याला बक्षीस मिळावयाचे होते. समारंभ दुपारी चारचा. आमची पहिली पाळी संपून त्या दिवशी यंत्राच्या एका बिघाडापायी थांबावे लागले, आणि घरी जाऊन कपडे बदलण्यास वेळ उरला नाही. आम्ही कासारवाडीहून लोकल गाठली व तसेच खाकी वेषात, खिशावर कंपनीचे नाव मिरवीत, सभागृहाच्या दारी पोचलो. दारात छातीला फीत लावलेला एक स्वयंसेवक घाईत होता. आमच्याकडे पाहून तो म्हणाला, "मामा, त्या मागच्या खुर्च्या जरा रांगेत लावून घ्या ना." पुण्याच्या महाविद्यालयांत 'मामा' कोणास म्हणतात हे सांगणे नलगे. मुलगा उद्धट नव्हता. 'ना' म्हणाला होता. आम्ही खुर्च्या लावू लागलो. चाळीस-पन्नास असतील. विसाव्या-पंचविसाव्या खुर्चीपाशी आम्ही मान वर केली, तो व्यासपीठाच्या पायरीशी चिरंजीव उभा. कोणाचा तरी मागून आणलेला निळा कोट, गळ्यात टाय. आमची त्याची नजरानजर झाली. मग तो पुष्पगुच्छांच्या टेबलाकडे वळला.

बक्षीस मिळाले. आम्ही शेवटच्या रांगेतून टाळ्या वाजविल्या व पुढच्या लोकलने परत आलो. रात्री जेवताना तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. ताटातील आमटी मात्र दोघांनीही फार लक्षपूर्वक भुरकली. ह्यानंतर तो परदेशी गेला, नोकरी, लग्न, मूल सर्व झाले. दर रविवारी फोनवर सर्व विषय निघतात. परंतु तो एक विषय वीस वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला.

२०२३ साली गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती, म्हणजे गौरीविसर्जन शनिवारी २३ तारखेला आले. आणि सामनाही नेमका शनिवारी दुपारी, रटगर्स विद्यापीठाशी. "गौरी घरात असताना तुम्ही बापलेक चेंडू बघायला जाणार?" असा सौ.चा प्रश्न पडला. सूनबाईने मध्यस्थी केली. विसर्जन सायंकाळी, पाहुणे सहा वाजता, त्याआधी परत येण्याची हमी. निघताना चिरंजीव आमच्या खोलीच्या दारात आला व म्हणाला, "बाबा, तुमची खाकी आणली आहे ना? तीच घाला." आम्ही ती आणली होती खरी. प्रवासात मळली तरी कळत नाही, हा लम्सडेनसाहेबाचाच विचार. ती घालून बाहेर आलो तेव्हा सौ. देवापुढे होती, म्हणून वाचलो.

वाटेत कळले की हार्बॉ त्याच दिवशी मैदानावर परत येत होता. नवे खेळाडू मिळविण्यासंबंधीच्या नियमांच्या चौकशीपायी विद्यापीठानेच त्याला मोसमाच्या पहिल्या तीन सामन्यांस दूर ठेवले होते. म्हणजे महाराज धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे आम्ही येथे नमूद करून ठेवतो. विजार स्वस्त घातली म्हणजे माणूस आपोआप संत होत नाही. आम्हांस तर आरंभी त्या विजारीचाच राग आला होता. ज्याला वर्षाकाठी कोट्यवधी रुपयांचे वेतन, त्याने आठ डॉलरची विजार घातली म्हणजे लोक कौतुक करतात. ज्याला कंपनी कापड देते म्हणून तो घालतो, त्याला लोक खुर्च्या लावावयास सांगतात. कापड तेच, रंगही तोच. एकाने ती निवडलेली, दुसऱ्याला ती वाटणीस आलेली. आणि सगळे जग ह्या दोहोंतील फरक लांबून ओळखते. हे आम्ही मोटारीत मोठ्याने बोललो नाही. विषय खुर्च्यांपाशी आला असता.

मैदान पाहून मात्र आम्ही थक्क झालो. १९२७ साली बांधलेले ते क्रीडांगण जमिनीत खोदलेल्या परातीसारखे आहे. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरावे तो पायऱ्या खाली खाली जातात. १,०७,६०१ माणसांची सोय. आळंदीची वारी डोळ्यांपुढे आणावी, पण सर्वांना बसावयास जागा आहे असे समजावे. गर्दीत जागोजागी खाकी विजार, निळा सदरा व निळी टोपी असा गुरूचा वेष केलेले लोक दिसत होते. पोरे, म्हातारे, एक आजीबाईसुद्धा. आम्ही पायऱ्या उतरत असता कॉलेजातील एक उंच मुलगा आमच्या विजारीकडे पाहून हसला, हात वर करून आमच्या हातावर टाळी दिली आणि मोठ्याने म्हणाला, "हॅलो, कोच!" त्याचे सोबती ओरडले, "कोच! कोच!" आम्ही चिरंजीवाकडे पाहिले. तो हसत नव्हता.

खेळाचे वर्णन आम्ही करीत नाही. कळलेच नाही तर करणार काय? पहिला घाव रटगर्सनेच घातला. महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना १८६९ साली ह्याच रटगर्सने खेळला व जिंकला होता, ह्याचा त्यांना काही काळ आठव झाला असावा. मग ते पाणी ओसरले. मिशिगनच्या एका खेळाडूने प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू मध्येच पकडला आणि सत्तर यार्ड धावत नेला, तेव्हा भोवतालची माणसे अशी उसळली की शेजारच्या अनोळखी गृहस्थाने आम्हांस मिठी मारली. शेवटी ३१-७. ह्या सर्व काळात आम्ही दूर खाली, मैदानाच्या कडेला, तो मसुरीचा दाणा न्याहाळीत होतो. एक हात कमरेवर, मध्येच चार पावले झपझप, मध्येच कोणाच्या पाठीवर थाप. आमच्या कारखान्यात जुने फोरमन असेच उभे राहत. तपासणीच्या टेबलापाशी आम्हीही असेच उभे राहत असू, असे चिरंजीवाचे म्हणणे. एकदा लहानपणी कारखान्याच्या खंडेनवमीला आला असता त्याने आम्हांस तसे पाहिले होते म्हणे. आम्हांस हे ठाऊक नव्हते.

मधल्या सुटीत विद्यापीठाचे बँडपथक मैदानावर उतरले. शेकडो वाद्ये एकदम वाजत असता, जेव्हा बोललेले ऐकू येण्याचा संभव सर्वांत कमी, तेव्हाच चिरंजीव बोलला. मैदानाकडेच पाहत म्हणाला, "बाबा, त्या दिवशी खुर्च्या तुम्ही का लावल्यात? नुसते सांगितले असते की मी अमक्याचा बाप."

आम्ही म्हटले, "तू सांगशील, म्हणून वाट पाहत होतो."

बँड वाजतच होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी पाहिले होते."

"ठाऊक आहे."

ह्यापलीकडे आमचे बोलणे झाले नाही. त्याने उठून दोन कागदी पेले कॉफी आणली. ती कडू होती व आम्ही पूर्ण प्यालो.

सायंकाळी आरती झाली. परसदारी मोठ्या बादलीत विसर्जन झाले. तिकडे नदीत मूर्ती सोडता येत नाही, म्हणून नंतर ते पाणी झाडांना घालतात. ही रीत आमच्याकडेही आता पुष्कळ घरी आहे. पाहुण्यांसाठी तळघरातून घडीच्या खुर्च्या आणून परसात मांडल्या होत्या. सगळे गेल्यावर आम्ही सवयीने त्यांतली एक मिटावयास घेतली. चिरंजीवाने ती आमच्या हातून काढून घेतली, आणि मग पंचवीस-तीस खुर्च्या एकट्याने, एकेक करून, तळघरात नेल्या. सूनबाई दोनदा म्हणाली, "अरे, उद्या ठेव." त्याने ऐकले नाही. आम्ही पायरीवर बसून पाहत होतो.

पुढची हकीकत थोडक्यात. त्याच मोसमाच्या अखेरीस, प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणावरून हार्बॉस पुन्हा तीन सामने दूर राहावे लागले. आपणांस त्याची माहिती नव्हती, असे त्याचे म्हणणे. ओहायो स्टेटशी सामना तेव्हाच आला. तो घरी बसला असता त्याच्या मुलांनी ३०-२४ असा जिंकला. ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टन येथे त्यांनी वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि त्याच महिन्यात हा गृहस्थ विद्यापीठ सोडून लॉस एंजेलिसच्या धंदेवाईक संघाकडे गेला. ॲन आर्बरात कोणी रडले, कोणी रागावले. आम्ही तेव्हा परत कासारवाडीत होतो आणि अंतिम सामना मंगळवारी पहाटे उठून पाहिला. सौ. चहा करून देऊन पुन्हा निजली.

गेल्या दिवाळीस चिरंजीवाकडून एक पुडके आले. सौ.साठी शाल, बदाम, आणि एक खाकी विजार. तिच्यावरची किंमत आठ डॉलरहून पुष्कळ जास्त होती. महागाई तिकडेही आहे. घालून पाहिली तो पायांखाली चार बोटे लोळू लागली. आम्ही ती घेऊन नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलाकडे जाताना लागणाऱ्या आमच्या जुन्या शिंप्याकडे गेलो. कंपनीच्या कापडाच्या साऱ्या विजारी त्यानेच शिवल्या आहेत. डोक्यावरून मेट्रो गेली, तेवढा वेळ तो थांबला, मग कापड बोटांत चोळून म्हणाला, "काय काका, परत कामाला लागलात की काय?"

आम्ही नाही म्हणालो. त्याने माप घेतले, खडूने रेघ मारली व कात्री उचलली. आम्ही त्याचा हात धरला आणि सांगितले, "कापू नका. आत दुमडून शिवा. मुलगा आमच्यापेक्षा उंच आहे."